जाड होत गेलेली गवसणी

मी एका मोटारीच्या सीटची गवसणी बोलतेय. दुकानात माझ्यासारखीला सीट कव्हर म्हणतात, पण मी दुकानात जन्मले नाही. ज्यांनी मला शिवलं त्या काकू उशीच्या खोळीपासून सोफ्याच्या कव्हरापर्यंत सगळ्यालाच गवसणी म्हणायच्या, म्हणून मीही माझी ओळख तशीच करून देते. बाहेरून गडद निळं रेक्झिन, आत फोम, पाठीला चेन. बसताना आपल्या खाली कोण आहे हे कुणी बघत नाही, आणि त्याबद्दल माझी काही तक्रारही नाही. आज मात्र थोडं ऐकून घ्या.

काकू पडदे आणि सोफ्यांची कव्हरं शिवायच्या. घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीला लागून त्यांचं मशीन होतं. काका लिफ्ट दुरुस्त करायचे. उंच उंच इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या पोकळीत, लोखंडी दोरांच्या मध्ये, ग्रीसने माखलेल्या कपड्यांत त्यांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झाले त्या दिवशी घरी येऊन त्यांनी हत्यारांची पेटी खाली ठेवली आणि म्हणाले, "जन्मभर नुसता वर-खाली, वर-खाली करत राहिलो. आता मला जरा पुढे जायचंय."

काकूंना वाटलं, कुठेतरी फिरायला जाऊ म्हणताहेत. त्यांनी मनातल्या मनात बॅगाही भरायला घेतल्या. पण थोड्याच दिवसांत दारात ट्रक येऊन थांबला आणि त्यातून मोठमोठी खोकी उतरायला लागली. काकांनी किट कार मागवली होती. म्हणजे मोटारीचे सुटे भाग. लोखंडी सांगाडा, फायबरग्लासचं अंग, चाकं, दिवे, तारांची भेंडोळी, आणि कसं जोडायचं त्याचं एक जाडजूड पुस्तक. इंजिन एका जुन्या, मोडीत निघालेल्या गाडीचं काढून आणलं होतं. दोनच माणसं बसतील अशी, डोक्यावर छप्पर नसलेली गाडी. तीही आपली आपण जोडायची.

"हे काय खेळणं आणलंत?" काकू म्हणाल्या.

"खेळणंच आहे," काका म्हणाले. "पण तुलाही खेळायला घेणार आहे मी."

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम सुरू झालं. शेजारपाजारचे येऊन बघून जायचे, तोंडावर कौतुक करायचे आणि कोपऱ्यावर गेले की हसायचे. काकांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. सांगाडा उभा राहिला, अंग बसलं, आणि एके दिवशी खोक्यातून सीटा निघाल्या. दोन्ही एकाच साच्यातून काढलेल्या. अंघोळीच्या टबासारख्या खोलगट आणि दगडासारख्या कडक. वर गादी नाही, कापड नाही, नुसतं उघडं फायबर.

काका मोठ्या ऐटीत त्यात जाऊन बसले. "मस्त आहे. एकदम आरामशीर."

काकू दारात उभ्या होत्या. थोड्या वेळाने काका कंबरेला हात लावून उठले.

"आरामशीर आहे तर कण्हलात कशाला?"

"कण्हलो कुठे? खाकरलो."

काकूंनी आत जाऊन मोजायची टेप, खडू आणि एक जुनी चादर आणली. तिथून माझी गोष्ट सुरू होते.

आयुष्यभर सोफ्याची कव्हरं शिवलेल्या बाईला दोन सीटा म्हणजे काय मोठंसं, असं तुम्हाला वाटेल. काकूंनाही तसंच वाटलं होतं. पण सोफा बाहेरून फुगलेला असतो आणि ही सीट आत खोल गेलेली. काकूंनी चादर आत दाबून खडूने रेघा मारल्या, त्याबरहुकूम रेक्झिन कापलं, खाली फोम लावला, शिवलं आणि सीटवर चढवलं. कडा बरोबर बसल्या. मधला भाग मात्र सीटला टेकायलाच तयार नाही. तंबूसारखा वर ताणून राहिला. काकांनी त्यावर बोटं वाजवून बघितली.

"वाजवायला छान झालंय," ते म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे असं काही बघितलं की ते गुपचूप पाना शोधायला लागले.

मग काकूंनी सगळं उसवलं. बैठकीच्या उभ्या अरुंद पट्ट्या केल्या. प्रत्येक पट्टीत वेगळा फोम, वर रेक्झिन, खाली अस्तर, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये घट्ट शिलाई, म्हणजे खोलगट भागात पट्ट्या आपोआप वळतील. पावाच्या दातेरी सुरीने फोम कापला. सीटच्या तळाला वेल्क्रो चिकटवला. अशी माझी मोठी बहीण तयार झाली, शेजारच्या सीटची गवसणी. तिची एक शिवण जराशी तिरकी गेली आहे. ती सीट काकूंची स्वतःची. "चुका व्हायच्या त्या माझ्या सीटवर होऊ देत," असं म्हणून त्यांनी ती आधी शिवायला घेतली होती.

मग माझी पाळी आली. काकांना सीटमध्ये बसवून काकू माप घेऊ लागल्या.

"हलू नका."

"श्वास घेऊ ना?"

"घ्या. पण पोट आत ओढू नका. आहे तेवढं राहू दे. मला खरं माप पाहिजे."

पोट होतं खरं. काका चांगले भरलेले होते. रुंद पाठ, जाड मांड्या, बसले की सीटच्या दोन्ही कडा भरून जायच्या. काकूंनी माझ्या बाजूच्या पट्ट्या जरा सैल ठेवल्या आणि पाठीला लांब चेन लावली. फोम कधी ना कधी दबतो, तेव्हा सगळं उसवत बसायला नको, चेन उघडून बदलता यावा, हा त्यांचा हिशेब.

काका पहिल्यांदा माझ्यावर बसले तेव्हा माझ्या पोटातली सगळी हवा फुस्सकन निघून गेली. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण ते उठले की मी पुन्हा वर यायचे. हळूहळू मला त्या वजनाची सवय झाली, आणि पुढे त्याची वाट बघायची सवय झाली.

गाडीला अजून चाकं लागायची होती, तेव्हापासून ते दोघं संध्याकाळी येऊन आमच्यावर बसायचे. काका स्टिअरिंग धरायचे, काकू मांडीवर हात ठेवून समोर बघायच्या. समोर शेडची भिंत आणि तिला टांगलेली शिडी.

"कुठवर आलो?" काकू विचारायच्या.

"शिडीपाशी."

"सकाळीही तिथेच होतो."

"रस्त्यात गर्दी आहे गं."

आणि मग दोघंही हसायचे. मी बऱ्याच जणांना माझ्यावर बसलेलं पाहिलं आहे, पण कुठेही न जाता इतकं छान प्रवास करणारी माणसं मला पुन्हा भेटली नाहीत.

यथावकाश गाडीला चाकं लागली, इंजिन खोकलं, मग गुरगुरलं. एक साहेब तपासणीला आले. त्यांनी ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, गाडीखाली वाकून पाहिलं, आणि उठताना माझ्या कडेवरून हात फिरवून म्हणाले, "हे बाहेरून करून घेतलंत वाटतं?" काका म्हणाले, "नाही, आमच्या घरात कंपनी आहे." काकू लाजून आत निघून गेल्या. गाडीला नंबर मिळाला.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस. संध्याकाळी दोघं निघायचे. गावाबाहेर एक तळं होतं, त्याच्या बांधावरून सरळ रस्ता जायचा. काकू डोक्याला रुमाल बांधायच्या. वाऱ्यामुळे दोघांना एकमेकांचं बोलणं अर्धंच ऐकू यायचं आणि दोघंही ओरडून बोलायचे. काका गाडी काय झोकात चालवायचे! वळणावर त्यांचं सगळं वजन माझ्या डाव्या कडेवर यायचं, पुढच्या वळणावर उजव्या. मी घट्ट धरून ठेवायचे.

आणि मग एकदा वळण घेताना मला जाणवलं, की धरून ठेवायला पूर्वीइतकं काही नाही.

माणसं आरशात बघतात, काट्यावर उभी राहतात, पट्टा किती भोकं आत गेला ते बघतात. मला यातलं काही लागत नाही. माझ्या बाजूच्या पट्ट्या आणि काकांचं अंग यांच्यामध्ये आता वारा शिरायला लागला होता. घरात अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. लोक तर त्यांना म्हणत होते, "वा, निवृत्त झाल्यापासून कसे शिडशिडीत झालात!" काकाही खूश होते. मला मात्र भीती वाटायला लागली, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

एके संध्याकाळी तळ्यावरून परतल्यावर काका सीटमधून उठताना जरा थांबले. "अगं, ही सीट रुततेय."

"कुठे?"

"खाली. माकडहाडापाशी."

काकू माझ्यापाशी आल्या. त्यांनी मूठ वळली आणि मला दाबलं. मी दबले. त्यांनी मूठ उचलली. मी होते तशी वर आले. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. इतकी वर्षं फोम हाताळलेल्या बाई. फोम दबलाय की नाही हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी मान वर करून काकांकडे बघितलं. सदरा खांद्यावरून लोंबत होता, पँट पट्ट्याने गोळा करून धरलेली होती. मला वाटतं, त्यांनी त्यांना नीट बघितलं ते त्याच वेळी.

"फोम बसलाय," त्या म्हणाल्या. "खराबच निघाला मेला. दुकानदाराने फसवलं."

"तरीच," काका म्हणाले.

पुढच्या आठवड्यात दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. शेडमध्ये असले तरी घरातलं बोलणं मला ऐकू यायचं. पोटाचा आजार होता. नाव मोठं होतं, ते घरात कुणी उच्चारायचं नाही. "ते दुखणं" एवढंच म्हणायचे. काकूंनी माझी चेन उघडली आणि सोफ्याच्या कामातून उरलेल्या घट्ट फोमचा एक थर आत सरकवला. मी थोडी जाड झाले.

"आता?"

"आता छान," काका म्हणाले.

काही दिवस छान गेले. औषधांनी त्यांना गळून गेल्यासारखं व्हायचं, पण संध्याकाळी उठून बसायचे आणि किल्ली मागायचे. मग पुन्हा रुतायला लागलं. काकूंनी जुनी रजई फाडून तिची भरणी आत घातली. पुन्हा काही दिवस. मग पाठीकडे टोचायला लागलं, तिथेही थर गेला. प्रत्येक वेळी काकू माझ्यावर चिडायच्या. "काय हा फोम! मेल्याला दम म्हणून नाही." आणि काकाही री ओढायचे, "हल्ली कशातच राम राहिलेला नाही बघ." माझ्या फोमची इतकी बदनामी झाली, पण मला कधी वाईट वाटलं नाही. मी मुकाट्याने शिव्या खाल्ल्या. माझ्याकडून तेवढंच होण्यासारखं होतं.

माणूस हलका होत चालला होता आणि मी जाड होत चालले होते.

शेवटी मी इतकी फुगले की रेक्झिन पुरेना. निळं रेक्झिन संपलेलं होतं. काकूंनी माझ्या कडेची शिवण उसवून मध्ये करड्या रंगाची पट्टी जोडली. दाभणाने, हातानेच, कारण एवढी जाडी मशीनच्या पायाखाली जाईना. त्यांच्या बोटाला दोनदा टोचलं. काका बाजूला स्टुलावर शाल घेऊन बसले होते.

"ही कुठली फॅशन?" त्यांनी विचारलं.

"नवीन आलीये."

"आणि मी इतका उंच बसायला लागलोय. आता काचेवरून पलीकडचं दिसतं. पुढच्या ट्रकच्या टपावर काय ठेवलंय ते सांगू शकतो."

काकू हसल्या. हसता हसता दोरा दाताने तोडायला त्यांनी तोंड फिरवलं, ते बराच वेळ पुन्हा इकडे केलंच नाही.

त्यांची लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती. ती रजा काढून आली. तोवर काकांच्या पायात क्लच दाबायचं बळ राहिलेलं नव्हतं. ते दुपारभर खिडकीतून शेडकडे बघत राहायचे. एके दिवशी लेक म्हणाली, "बाबा, चला, मी चालवते."

गाडीत जागा दोघांचीच. काकांनी काकूंकडे बघितलं. "तू जा हिच्याबरोबर. मी काय, बघेन इथून."

"मी रोज बसतेच की," काकू म्हणाल्या. "तुम्ही दोघं जा. मी चहा टाकते."

पण जाड सीट तर चालकाची, मी. आणि काका आता बसणार शेजारी. काकूंनी मला सोडवलं, माझ्या बहिणीला सोडवलं आणि आमच्या जागांची अदलाबदल केली. सीटा एकाच साच्यातल्या, त्यामुळे मी चपखल बसले. त्याआधी त्यांनी चेन उघडून आणखी एक थर आत घातला होता. फार मऊ होता तो. बिछान्यातल्या त्यांच्या स्वतःच्या उशीतून काढलेला. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला त्याच्या वासावरून कळलं, त्यांच्या केसांच्या तेलाचा वास होता त्याला.

लेकीने काकांना उचलूनच माझ्यावर ठेवलं. मी वाट बघत होते वजनाची. ते आलंच नाही. एखादं पोरसवदा माणूस येऊन टेकावं, तसं काहीतरी आलं.

लेकीला त्या गाडीची सवय नव्हती. ती हळूहळू नेत होती.

"अगं, चालव की जरा. इंजिनाला झोप येईल," काका म्हणाले.

तळ्याच्या बांधावर तिने गाडी थांबवली. पाण्यावर ऊन होतं. काका एकदम हसले.

"तुझी आई म्हणते, फोम खराब निघाला."

"हो, मलाही सांगत होती. दुकानदाराला शिव्या घालत होती."

"चांगला फोम आहे गं. मी बघतो ना, ती नसली की मुठीने दाबून. लगेच वर येतो."

लेकीने त्यांच्याकडे बघितलं. "मग तिला सांगत का नाही तुम्ही?"

"काय सांगू? फोमची चूक असली, की तिला काहीतरी करता येतं. चेन उघडते, भरते, शिवते, मला बसवते, विचारते बरं आहे का. चूक माझ्या अंगाची आहे म्हटलं, तर ती काय करणार? हातावर हात ठेवून नुसती बसून राहील." ते थोडं थांबले. बोलताना दम लागत होता. "तूही काही बोलू नकोस. चालू दे तिचं."

लेकीने मान हलवली. ती दुसऱ्या बाजूला तोंड करून पाण्याकडे बघत राहिली. काकांनी माझ्या कडेच्या करड्या पट्टीवरून अंगठा फिरवला. काकूंचे हाताचे टाके त्यांना बोटाखाली लागत असणार. "चल," ते म्हणाले. "चहा निवेल."

घरी आलो तेव्हा काकू फाटकातच उभ्या होत्या. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. "रुतलं का?"

"अजिबात नाही," काका म्हणाले. "आता कुठे तुला खरा फोम मिळाला बघ. कापसासारखा. कुठून आणलास?"

"आणला एका ठिकाणाहून," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की मला तो बघवेना.

काका त्यानंतर शेडमध्ये आले नाहीत. मी वाट बघत राहिले. घरात माणसांची ये-जा वाढली, मग दबकी बोलणी, मग एका सकाळी रडणं, आणि मग फार मोठी शांतता. मला कुणी येऊन सांगितलं नाही. गवसणीला कोण सांगणार? पण गाडीवर ताडपत्री पडली तेव्हा मी समजले.

एकदाच ताडपत्री जरा वर झाली. काकू आत शिरल्या आणि त्यांच्या नेहमीच्या जागी बसल्या. तिथे आता मी होते. बसल्या बसल्या त्या उंच झाल्या आणि त्यांना काचेवरून पलीकडचं दिसायला लागलं. काकांना काय दिसत होतं, ते बहुधा त्यांना तेव्हा कळलं. समोर भिंत होती आणि शिडी होती. त्या तशाच बसून राहिल्या. मग उतरल्या आणि ताडपत्री पुन्हा नीट खोचून गेल्या.

काका जाण्याआधी सांगून गेले होते, गाडी उभी ठेवू नका. उभी गाडी कुजते. काकूंना चालवता येत नव्हती. लेकीच्या शहरात ती राहायची चौथ्या मजल्यावर, गाडी ठेवायला जागा नाही. म्हणून गिऱ्हाईक बघायचं ठरलं. आले एक बेकरीवाले. चांगले उंचेपुरे, आडव्या अंगाचे, कपड्यांना पिठाचा वास. मला आणि बहिणीला पुन्हा आपापल्या जागी लावलेलं होतं. ते आनंदाने गाडीत शिरले, माझ्यावर बसले, आणि त्यांचं डोकं काचेच्या कितीतरी वर निघालं.

"अहो काकू, ही गादी आहे की पलंग? रस्ताभर माश्या खात जायचं का मी?" ते मोठ्याने हसले. मग काकूंच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचं हसू जागच्या जागी विरलं. "नाही, म्हणजे... चालेल तशी."

"चालणार नाही," काकू म्हणाल्या. "परवा या. मी कमी करून ठेवते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मला पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, मशीनच्या टेबलावर ठेवलं. माझा जन्म त्याच टेबलावर झाला होता. लेक आलेली होती, ती शेजारी बसली. काकूंनी चष्मा लावला, करड्या पट्टीचे टाके एक एक करून उसवले, चेन पूर्ण उघडली आणि आत हात घातला.

आधी उशीतला मऊ थर आला. त्यांनी तो मांडीवर ठेवला. मग रजईची भरणी, तिच्या गुठळ्या झालेल्या. मग पाठीमागचा थर. मग तो पहिला घट्ट फोम. टेबलावर ढीग झाला. काका एवढे कमी झाले होते. दोघी त्या ढिगाकडे बघत राहिल्या. मशीनवर ऊन आलं होतं.

"त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं, फोमच खराब आहे," काकू म्हणाल्या. "मी कळूच दिलं नाही. माझ्याने दुसरं काही झालं नाही गं, पण तेवढं जमलं."

लेकीने तोंड उघडलं. मला तळ्यावरची ती दुपार आठवली. मला वाटलं, आता ही सांगते. काकू तिच्याकडे बघत होत्या, चष्म्याच्या आड डोळे मोठे दिसत होते.

"हो ना," लेक म्हणाली. "माझ्यापाशीही फोमचीच तक्रार करत होते. कशातच राम राहिला नाही म्हणाले."

काकूंनी समाधानाने मान डोलावली, आणि मग त्यांना रडू आलं. लेकीने त्यांना जवळ घेतलं. मी टेबलावर पडून होते, पोट रिकामं झालेली. त्या दिवशी मला एकदाच वाचा असती, तर मी बोलले असते का? मी पुष्कळ विचार केला. नसते बोलले.

"हे टाकून देऊ?" लेकीने ढिगाकडे बघत विचारलं.

"राहू दे," काकू म्हणाल्या. मऊ थर त्यांनी उचलून आत नेला आणि पुन्हा उशीत घातला. बाकीच्यांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

मला त्यांनी माझ्या मूळच्या मापात शिवलं. करडी पट्टी काढली, निळ्याला निळं जोडलं. इतकी नीटस शिलाई की बेकरीवाले बघतच राहिले. जाताना ते म्हणाले, "काकू, बसा ना शेजारी. तळ्यापर्यंत एक चक्कर मारून आणतो."

"नको. तुम्ही निघा," काकू म्हणाल्या. मग पुढे येऊन वाकल्या आणि बेकरीवाल्यांनी बसायच्या आधी त्यांनी मला मुठीने दाबलं. मी दबले. मूठ उचलली, मी वर आले. जेवढं बळ होतं तेवढं लावून वर आले.

"फोम एकदम चांगला आहे," काकू त्यांना म्हणाल्या. "कधीच बसला नाही."

गाडी फाटकातून बाहेर पडली. मागे वळून बघणं माझ्या हातात नसतं. माझी पाठ सीटला बांधलेली आहे. त्या किती वेळ उभ्या होत्या, मला सांगता येणार नाही.

आता मी बेकरीवाल्यांकडे असते. भल्या पहाटे त्यांच्याबरोबर बेकरीत जाते, दुपारी घरी येते. माझ्या शिवणींमध्ये पीठ गेलंय, ते काही केल्या निघत नाही. उन्हाने माझा निळा रंग विटला आहे आणि एका कडेला मी उसवले आहे, तिथे त्यांनी चिकटपट्टी मारली आहे. काकूंनी बघितलं असतं तर कपाळावर हात मारला असता. बेकरीवाले फार जड आहेत. ते बसले की माझ्या पोटातली सगळी हवा निघून जाते, दोन्ही कडा भरून जातात, वळणावर मला जीव खाऊन धरावं लागतं. त्यांची बायको शेजारी बसते, त्यांच्या पोटाकडे बघून रोज म्हणते, "जरा कमी करा आता." ते हसतात. मी मात्र दचकते.

तुमच्याकडे माझं फार काही मागणं नाही. मला धुऊ नका, पुसू नका, ती चिकटपट्टीही राहू द्या. माझी चेन कितीतरी दिवसांत कुणी उघडलेली नाही, ती गंजून घट्ट बसली आहे. तिला तेल घालू नका. ती कुणाला उघडावी लागू नये.